विश्लेषण : धांदरटपणा की ‘एडीएचडी’? मोठ्यांमधील न ओळखला जाणारा विकार

पैसे खात्यात असूनही वीजबिलाची मुदत उलटते. गॅसवर ठेवलेले दूध आठवड्यातून दोनदा उतू जाते. अशा माणसाला घरात ‘धांदरट’ आणि कामावर ‘बेजबाबदार’ म्हटले जाते. प्रत्येक विसराळू माणूस आजारी नसतो. पण काहींच्या बाबतीत मुळाशी ‘एडीएचडी’ म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार असतो.

हा विकार लहान मुलांचाच नाही का?

सुरुवात बालपणी होते, पण अनेकांमध्ये तो मोठेपणीही राहतो. जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित अंदाजानुसार प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के आहे. २०११ च्या जनगणनेनुसार संगमनेर शहराची लोकसंख्या सुमारे ६५ हजार होती. ढोबळ हिशेब केला, तर एकट्या शहरात हजारभर प्रौढांना हा त्रास असू शकतो. वर्गात उड्या मारणारा मुलगा मोठेपणी शांत दिसू लागतो, मात्र आतली अस्वस्थता तशीच राहते. मुलींमध्ये चंचलतेपेक्षा हरवलेपण जास्त दिसते. त्यामुळे त्यांच्याकडे शाळेतही दुर्लक्ष होते आणि पुढे संसारातही.

आवडीच्या कामात लक्ष कसे लागते?

‘क्रिकेट तीन तास बघतो, मग हिशेबाच्या वहीलाच काय होते?’ हा घरोघरचा सवाल. या विकारात लक्ष नसते असे नाही. ते हवे तेव्हा हवे तिथे वळवणे आणि टिकवून ठेवणे अवघड जाते. हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मुलाची तपासणी सुरू असताना ‘माझेही असेच होते’ हे वडिलांना उमगते, ते त्यामुळेच.

निदान कसे होते?

रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हा विकार दिसत नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार १७ वर्षांपुढील व्यक्तीत किमान ५ लक्षणे ६ महिने सतत असावी लागतात. त्यांतील काही वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावीत आणि त्रास घर व काम अशा किमान दोन ठिकाणी असावा. म्हणूनच आईची आठवण आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातील शेरे तपासणीत मोलाचे ठरतात. मोबाइलवरील रील पाहून शंका येऊ शकते, निदान होत नाही. थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, चिंता आणि व्यसन यांतही लक्ष उडते. चाळिशीत अचानक सुरू झालेल्या विसराळूपणाचे कारण बहुधा वेगळेच असते.

उपचार काय?

औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात. मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येते. ते तज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच आणि रक्तदाब, हृदय तपासूनच घ्यावे. मोबाइलवर गजर, किल्लीची ठरलेली खुंटी, मोठ्या कामाचे छोटे तुकडे अशा सवयींचीही मदत होते. उपचार टाळणे महागात पडते. या विकारात वाहन अपघाताचा धोका जास्त असतो. पुणे-नाशिक महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

संगमनेरकरांनी कुठे जावे?

शेजारच्या राहाता तालुक्यात लोणी येथे प्रवरा संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतून सल्ला मिळतो.

तरीही खरा अडसर अंतराचा नाही, शिक्क्याचा आहे. वर्षानुवर्षे ‘आळशी’ ऐकलेला माणूस स्वतःलाही तसेच समजू लागतो आणि दवाखान्याची पायरी चढत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने तालुक्याच्या पातळीवर प्रौढांच्या तपासणीलाही जागा द्यायला हवी. सुरुवात मात्र घरातून होऊ शकते. ‘तुला कळत कसे नाही’ याऐवजी ‘हे लहानपणापासूनच होते का’ असे विचारावे. डॉक्टरही पहिल्या भेटीत हेच विचारतात.