तारखांचा खर्च कोण सोसणार?

सोडचिठ्ठीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला सल्ला तयार असतो : कोर्टाच्या भानगडीत पडू नका, स्टॅम्पवर लिहून घ्या आणि मोकळे व्हा. पूर्वी शंभराचा मुद्रांक चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. मजकूर टायपिंगवाल्याकडे तयारच असतो, नावे तेवढी बदलायची. दोघांच्या सह्या किंवा अंगठे, दोन्हीकडचे दोन-दोन पंच, शेवटी नोटरीचा शिक्का. दुपारपर्यंत काम उरकते आणि मंडळी चहा पिऊन आपापल्या गावी जातात. घटस्फोट म्हणून त्या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय सुटत नाही. काडीमोडीची जुनी रूढी असलेल्या समाजांसाठी कलम २९मध्ये वाट ठेवली आहे खरी. पण अशी रूढी आपल्यात पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्याने शाबीत करावे लागते, आणि ते करायला पुन्हा न्यायालयातच उभे राहावे लागते. नोटरींनी लग्नाचे वा फारकतीचे असले कागद करू नयेत, असे केंद्र सरकारच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४मध्ये लेखी बजावले. तरी लोकांच्या मनातून तो शिक्का जात नाही. मग दोघांपैकी एकाचे दुसरे लग्न होते, ते कायद्याने शून्य ठरते, आणि तक्रार झालीच तर सात वर्षांपर्यंत कैद. पहिले लग्न लपवले असेल तर दहा. नवऱ्यामागे पेन्शनसाठी, सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी ती दुसरी बाई कचेरीत जाते तेव्हा तिच्या हातात काय असते? तोच पाचशेचा कागद.

लोक मूर्ख म्हणून हे करत नाहीत. खर्चाला भितात म्हणून करतात. आणि खर्च नेमका कशाचा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, हा आमचा मुद्दा आहे.

न्यायालयाच्या फीचा तो खर्च नव्हे. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या कामांत महाराष्ट्रातल्या बाईला कोर्ट फी माफ आहे. १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने ती माफ झाली. तीस वर्षे उलटून गेली, तरी फी भरायला पैसे नाहीत म्हणून माहेरी बसून राहिलेल्या बायका गावोगाव सापडतात. पुरुषाला फी भरावी लागते, पण एकूण खर्चात तीही किरकोळच. पैसा जातो तो तारखेत.

तारीख म्हणजे काय, ते जवळून पाहा. जामखेड किंवा पाथर्डीच्या एखाद्या वाडीवरची बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, पोरगं आईपाशी ठेवते आणि सकाळची एसटी गाठते. मार्च २०२३ पासून बाईला निम्मे तिकीट आहे, ही मोठी सोय झाली. पण ती एकटी येत नाही. बाप किंवा भाऊ बरोबर असतो, त्याला पूर्ण तिकीट. तिच्या हातात कापड दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. आत लग्नपत्रिका, लग्नातला एक फोटो, आधार, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आणि लग्नात दिलेल्या भांड्याकुंड्यांची, पलंग-कपाटाची घडीच्या रेघांवर फाटत आलेली यादी. झाडाखाली बसून पुकाऱ्याकडे कान. साडेअकराला नाव पुकारतात आणि दोन मिनिटांत बाहेर : समोरच्याचा मुदतीचा अर्ज आला, कैफियत दाखल व्हायची आहे, साहेब रजेवर आहेत, समन्स बजावून आले नाही. पुढची तारीख महिन्याने. वकिलाला त्या दिवसाचे काही ना काही द्यायचे असते.

हिशेब मांडू. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये. एका तारखेला दोघांचे दोन रोज बुडाले म्हणजे ६२४. समजा वर्षाला बारा तारखा पडल्या, तर ७,४८८. काम चार वर्षे चालले तर तीस हजारांना पन्नासभर रुपये कमी. यात तिकीट नाही, जेवण नाही, झेरॉक्स नाही, वकिलाचा एक पैसा नाही. नुसता बुडालेला रोज. महिना तीन हजारांच्या पोटगीसाठी ती भांडत असेल, तर निकालाआधीच दहा महिन्यांची पोटगी तिने एसटी स्टँड ते न्यायालय या वाटेवर सांडलेली असते.

आणि एकच तारीख असते कुठे? घर एक मोडते, कामे चार उभी राहतात. घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा वेगळा (फौजदारी प्रक्रिया संहितेतले पूर्वीचे कलम १२५, आता नव्या संहितेतले १४४), कौटुंबिक हिंसाचाराचा वेगळा, मुलाच्या ताब्याचा आणखी वेगळा. वकीलपत्र दरवेळी नवे, शपथपत्र नवे, तारखा वेगळ्या. नवऱ्याने पुण्यात, चाकणला नोकरीच्या ठिकाणी दावा लावला तर ती फेरी आणखी. बाई राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करू शकते अशी दुरुस्ती २००३ साली झाली, पण ते तिला समजेपर्यंत समन्स घरी आलेले असते. अपिलाची वेळ आली तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे छत्रपती संभाजीनगरला.

सगळ्यांत जास्त जीव तुटतो तो ऊसतोडीच्या घरांसाठी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दरवर्षी टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो आणि उचल घेतलेली असते ती दोघांच्या घामावर. संसार फाटला म्हणून उचल फिटत नाही. बाई भावाबरोबर किंवा दुसऱ्या टोळीत अर्धा कोयता म्हणून जाते, कारण पोट थांबत नाही. तारीख पडते जानेवारीत, ती असते कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात. दोन-तीन तारखांना कोणी हजर नाही म्हणून तिचा अर्ज काढून टाकला जातो, किंवा नवऱ्याचा दावा तिच्याविरुद्ध एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत आहे तीस दिवसांची. ती परत येते एप्रिलमध्ये. उशीर माफ व्हावा म्हणून आणखी एक अर्ज, आणखी एक वकीलपत्र. कोयता खांद्यावर घेऊन गेलेल्या बाईने न्यायालयाचा अनादर केलेला नसतो, हे लिहून ठेवायला कोणत्याच रोजनाम्यात रकाना नाही.

निकाल लागला तरी खर्च संपत नाही, हेही कोणी आधी सांगत नाही. पोटगीचा हुकूम झाला आणि नवऱ्याने दिली नाही, तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज. तोही रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत. वर्ष उलटले की त्या जुन्या थकबाकीपुरता हा रस्ता बंद. म्हणून कंटाळलेली बाई शेवटी म्हणते, द्या काय द्यायचे ते एकरकमी आणि सोडा मला. त्या क्षणी समोरची बाजू आकडा निम्म्यावर आणते. परस्पर संमतीचा घटस्फोट हा खरे तर सगळ्यांत स्वस्त आणि सभ्य मार्ग. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. सहा महिने थांबायची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितले. पण संमती थकव्यातून आलेली असेल तर तिला संमती म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

वकिलांशी आमचे भांडण नाही. तालुक्याच्या न्यायालयात पदरमोड करून बायकांची कामे चालवणारे वकील आम्ही पाहिले आहेत. पण काही गोष्टी पक्षकाराला माहीत असल्याच पाहिजेत. मिळणाऱ्या रकमेत टक्का ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. ‘पोटगी मिळाली की त्यातले इतके’ हे बोलणे नियमबाह्य आहे, मग ते कितीही आपुलकीने केलेले असो. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला खटल्याचा खर्च दुसऱ्या बाजूकडून मागता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४मध्ये तसे लिहिले आहे, बाईसाठी आणि पुरुषासाठीही. तो अर्ज नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा, असेही तिथेच लिहिले आहे. कामाचा बोजा आम्हाला ठाऊक आहे. तरी हा एक अर्ज वेळेत सुटला तर बाकीची लढाई निदान बरोबरीची होते.

खर्चाने बाई वाकवायची ही रीत जुनी आहे. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबईत रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा लावला. चार वर्षे खटला गाजला. शेवटी १८८८ साली दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला, तेव्हा तो मिटला. त्या काळचे दोन हजार! रखमाबाईंच्या पाठीशी बचाव समिती होती. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. शेवगावच्या मुलीमागे समिती कुठून येणार?

पण ती आलीही होती, आणि याच अहिल्यानगर जिल्ह्यात. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता बायकांची परिषद भरली. ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी टाकलेल्या, माहेरी बसलेल्या बायकांचा प्रश्न मांडवात आणून बसवला. आज ‘परित्यक्ता’ हा शब्द लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत छापून येतो. पण त्या शब्दामागच्या बाईला न्यायालयापर्यंत न्यायला कोण जाते?

कायद्याने तिच्यासाठी वकील ठेवला आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न न विचारता. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही तसाच. बाकीच्या बहुतेक पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. अहिल्यानगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यांना समित्या आहेत, १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. हिंसाचाराच्या तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी आहे, त्याच्याकडे जायला वकीलही लागत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे पोरीला ऐकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या दारांची नावे तिला एकदा तरी सांगितली होती का?

म्हणून आमचे मागणे नेमके आहे. प्रत्येक बार असोसिएशनने आपल्या सभासदांना सांगावे की घटस्फोटाचे काम घेताना फीचा अंदाज मराठीत, लेखी, पक्षकाराच्या हाती द्या : कोणत्या टप्प्याला किती, तारखेचे वेगळे की त्यातच. प्रत्येक न्यायालयाच्या दाराशी, नोटरी बसतात तिथेच, मोठ्या अक्षरांत पाटी लावावी की स्टॅम्पवर घटस्फोट होत नाही. एकाच जोडप्याची कामे जमतील तितकी एका दिवशी ठेवावीत.

आणि ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी एक काम लगेच. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी तालुका विधी सेवा समित्यांनी पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांत चावडीवर बसावे, ज्यांची कामे चालू आहेत त्यांची यादी करावी, आणि पक्षकार फडावर जात असल्याचा अर्ज प्रत्येकीच्या वतीने दाखल करून तिची पुढची तारीख ती परतल्यानंतरची मागून घ्यावी.