गोगलगाय मारताना माती मारू नका

पावसाचे चार सरी पडले की उत्तन, डोंगरी, तारोडी, राई, मुर्धे या पट्ट्यातल्या भाजीवाल्यांची एकच तक्रार येते. रात्री लावलेलं रोप सकाळी दिसत नाही, पानावर नुसता चकचकीत चिकट माग दिसतो. हे काम गोगलगायींचं. पाठीवर मोठा शंख असलेली आफ्रिकन गोगलगाय आणि बिनशंखाची शेंबडी, अशा दोन्ही आपल्याकडे आहेत.

गेल्या पावसाळ्यात उत्तनच्या एका मावशींनी वांग्याचा वाफा दाखवला. मिठागरं जवळ, मीठ स्वस्त, म्हणून त्यांनी रोपांच्या बुडाशी मूठमूठ मीठ टाकलं होतं. "साहेब, गोगलगाय मेली खरी, पण वांगीबी बसली," म्हणाल्या. माती उकरली तर एक गांडूळ नाही. खारं पाणी आत येऊ नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी बांध घातले, आणि आपण तेच मीठ हाताने वाफ्यात नेऊन टाकतो! मिठाने गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढलं जातं हे खरं, पण मुळाचं आणि गांडुळाचंही ओढलं जातं.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, कुणी उभ्या पिकावर नांगर फिरवला. मग पंचनामे झाले, सरकारला मदत जाहीर करावी लागली. मदत हवीच, पण ती पीक गेल्यावर मिळते. त्याच पैशातला थोडा भाग पहिल्या पावसाआधी गोगलगायी वेचण्याच्या मजुरीवर खर्च झाला असता तर पुढचा खर्च बराच वाचला असता, असं आमचं मत आहे.

वेचण्यावर एवढा जोर का, ते सांगतो. उन्हाळाभर ही गोगलगाय शंखाचं तोंड पडद्याने बंद करून बांधाच्या कपारीत, दगडविटांच्या ढिगात, नारळाच्या सोडणाखाली झोपते. पाऊस पडला की बाहेर येते, खाते आणि मातीत शंभर-दोनशे अंडी एका वेळी घालते. अंडी घालण्याआधी वेचलेली एक गोगलगाय म्हणजे पुढच्या शंभराचा बंदोबस्त. पण एकाने वेचून आणि शेजाऱ्याने न वेचून काही साधत नाही. आपल्याकडे तर दोन वाफ्यांच्या मध्ये इमारतीचं डेब्रिज पडलेलं असतं, तिथे त्यांना आयतं घर. महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नाही म्हणून कुणी पुढाकार घेत नाही. तलाठी, कृषी कर्मचारी आणि गावकीची मंडळी यांनी जूनचा एक आठवडा ठरवून सगळ्या शिवारात एकदम वेचणी केली पाहिजे. डेब्रिज हलवण्यासाठी पालिकेच्या मागे लागण्याचं कामही त्यांचंच.

वेचायची रीत साधी. दहा लिटर पाण्यात किलोभर गूळ विरघळवून त्यात गोणपाट भिजवावं आणि संध्याकाळी बांधाकडेला ठिकठिकाणी पसरावं. सकाळी ऊन चढायच्या आत त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात. उघड्या हाताने धरू नये, पोरांनाही धरू देऊ नये. उंदरांकडून येणारा एक जंत तिच्यात असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूला बाधतो. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या पाण्यात बुडवून मारा आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. विहिरीत, नाल्यात टाकू नका. चुन्याचा चार इंची पट्टा मराठवाड्यात चालतो, पण आपल्या धोधो पावसात तो दुसऱ्या दिवशी वाहून जातो. त्यावर भिस्त ठेवू नये.

राहिलं औषध. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या गोगलगायींवर काम करतात, गांडुळाला फारसा त्रास देत नाहीत. पण कुत्रा, कोंबडी, बदक यांनी खाल्ल्या तर जीव जातो. मराठवाड्यात ज्या 2022 साली या गोळ्यांना मागणी होती, त्याच वर्षी मार्चअखेर ब्रिटनने पक्षी-प्राण्यांच्या धोक्यापायी त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. तिथे आता लोह फॉस्फेटच्या गोळ्या वापरतात. आपल्याकडे घराला लागून मळा आणि दारात कोंबड्या, म्हणून वेचणी करूनही आवरत नसेल तरच गोळ्या घ्याव्यात, त्याही कृषी खात्याला विचारून, पाकिटावरल्या प्रमाणात. साधी कीटकनाशकं फवारून काही उपयोग नाही, कारण गोगलगाय हा कीटकच नव्हे. उलट काजव्याच्या अळ्या मरतात, ज्या गोगलगायी खातात. भारद्वाज पक्षीही त्यांचा शत्रू, त्याला कुंपणाच्या झुडपांत राहू द्या.

आणि एक. 1847 साली बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या बागेत सोडल्या, तिथून ही पीडा देशात शिरली. आजही ती माणसाच्याच हातून फिरते. नर्सरीतून कलम आणलं की पिशवीतली माती फोडून बघा. साबुदाण्याहून थोडे मोठे, पिवळट-पांढरे दाणे दिसले तर तीच तिची अंडी. ती साबणाच्या पाण्यात टाका, मगच कलम लावा.