पाकिटातले पान आणि हातातले पान

पत्ते खेळणे हे रिकामटेकड्याचे लक्षण होय, हा समज आमच्या मिरजगावात जितका जुना आहे, तितकाच त्या समजाची पत्रास न बाळगता पारावर मेंढीकोटाचा डाव मांडणाऱ्यांचा शिरस्ताही जुना आहे. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी आपल्या तरुणपणी बदामाची मेंढी कोणाच्या हातात दडली आहे याचा अचूक अंदाज बांधून समोरच्या जोडीवर कोट चढविण्यात पुरुषार्थ मानला, तेच वडीलधारे आज नातवाच्या मोबाइलवर चित्रांची पाने सरकताना दिसली की ‘जुगार’ एवढा एकच शब्द उच्चारून प्रकरण निकालात काढतात. हा निवाडा साक्षीपुरावा न घेता दिलेला आहे, असे माझे मत आहे. नगर-सोलापूर रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी असलेली आमची कॉलेजची मुले जे खेळतात त्यात जुगाराचा अंश मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु तो अंश कोठे आहे आणि कोठे नाही, हे पाहण्याची तसदी घेतल्यावाचून मुलाच्या हातचा मोबाइल काढून घेणे म्हणजे जप्ती आधी आणि चौकशी मागाहून, असा उलटा कारभार झाला.

वडीलधाऱ्यांच्या घाईला कारण नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालच्या एका निकालात रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले, आणि त्या वाक्याचा आधार घेऊन अर्धशतकानंतर मोबाइलवर पैसे लावून रमी खेळविणाऱ्या कंपन्यांनी खेड्यापाड्यांतील घरांत जो शिरकाव केला, त्याची झळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना पत्त्यांचे चित्र दिसताच धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन डाव, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. मात्र ई-क्रीडा आणि निव्वळ करमणुकीचे खेळ यांना त्याच कायद्याने वेगळे काढून मान्यता दिली. आपल्याला ज्याचा विचार करावयाचा आहे तो मोबाइलवरील चित्रांच्या पानांचा खेळ या दुसऱ्या वर्गात मोडतो: येथे डावावर पैसा लागत नाही, जिंकणाऱ्याला रोख मोबदला मिळत नाही, आणि हरणाऱ्याच्या खिशातून त्या हरण्यापायी दमडीही जात नाही. पैसा जातो तो दुसऱ्या वाटेने, आणि त्या वाटेकडे मी यथावकाश येणार आहे.

चित्रांच्या पानांचा शौक आपल्या मुलखाला नवा नाही. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफाची पाने धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आणि त्याच गंजिफाने महाराष्ट्रात, सावंतवाडीच्या संस्थानात, दशावताराचे रूप घेतले. चिंचोक्याच्या खळीने कागदावर कागद चिकटवून, वर रंग आणि लाख चढवून केलेली ही गोल पाने एकूण १२० असतात: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर व एकापासून दहापर्यंतची पाने. तिघांनी खेळावयाचे, प्रत्येकाने चाळीस पाने हातात धरावयाची. दिवसा ज्याच्याकडे राम आला असेल त्याने उतारी करावयाची आणि रात्री ज्याच्याकडे कृष्ण आला असेल त्याने. राजा-वजिराखाली पाच रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या पाचांत एक मोठा. हुकूम म्हणून नाहीच. म्हणजे पडलेले प्रत्येक पान ध्यानात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ज्याची स्मरणशक्ती लंगडी त्याचा डाव लंगडा. ही कला विसाव्या शतकाच्या मध्यास अस्तंगत होण्याच्या बेतात असताना शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभे केले, ही हकीकत पत्त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी एकदा वाचावी.

गंजिफा असो की मेंढीकोट, त्यात एक समता गृहीत होती: कॅट एकच, आणि तो सर्वांसमक्ष पिसून वाटला जाणार. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली निघाला तेव्हा ही समता मोडली. त्याच्या खेळात प्रत्येक भिडूने आपला कॅट, ज्याला ही मंडळी डेक म्हणतात, घरूनच जुळवून आणावयाचा, आणि त्यासाठी लागणारी पाने बंद पाकिटांतून विकत घ्यावयाची; पाकिटात काय निघेल ते फोडल्यावाचून कळावयाचे नाही. पुढे हीच रचना संगणकावर आणि मोबाइलवर आली. २०१४ साली ‘हार्थस्टोन’ निघाला, २०२१ साली ‘मॅजिक’चीच मोबाइलयोग्य आवृत्ती सिद्ध झाली, २०२२ साली अवघ्या बारा पानांचा आणि सहा पाळ्यांचा ‘मार्व्हल स्नॅप’ आला आणि २०२४ साली ‘पोकेमॉन’चा वीस पानांचा खिशातला खेळ. या खेळांत भारतीय माणूस उपरा आहे असेही नाही. २०१८ सालच्या जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रात्यक्षिक म्हणून ई-क्रीडांचा अंतर्भाव झाला तेव्हा ‘हार्थस्टोन’मध्ये भूजच्या तीर्थ मेहता या तरुणाने भारताला कांस्यपदक मिळवून दिले. पदकांच्या अधिकृत तक्त्यात ते मांडले गेले नाही, हे खरे. पण कच्छच्या कोरड्या मुलखातला एक मुलगा तेथवर पोहोचला, ही गोष्ट आमच्या कोरड्या मुलखातल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

आता नवख्याने आरंभ कसा करावा? उदाहरणासाठी मी ‘हार्थस्टोन’च घेतो, कारण त्याचे नियम बाकीच्यांच्या मानाने सुबोध आहेत. तुमच्या डेकमध्ये तीस पाने. एकच पान दोनदा घेता येते, मात्र ज्यांना ‘लेजंडरी’ म्हणतात ती दुर्मिळ पाने एकेकच. तुमच्या नायकाचे आयुष्य तीस गुणांचे, प्रतिपक्षाचेही तितकेच, आणि ज्याचे आधी शून्यावर आले तो हरला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याची किंमत लिहिलेली असते आणि ती ‘मॅना’ नावाच्या शक्तीत मोजावयाची: पहिल्या पाळीला एक मॅना, दुसऱ्या पाळीला दोन, असे चढत चढत दहापर्यंत. नवख्याची गफलत येथेच होते. त्याला वाटते की न वापरलेला मॅना शिलकीत राहील. तो राहत नाही. आमच्या कर्जत तालुक्यात कुकडीच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही: पाळीला आलेले पाणी त्या पाळीतच रानात फिरवावयाचे, पुढच्या पाळीसाठी ते कोणी बांधून ठेवत नाही.

याचा अर्थ हाती आलेले सर्वात महाग पान खाली टाकावे असा नव्हे, तसेच स्वस्त पाने भराभर उधळावीत असाही नव्हे. समजा, चौथी पाळी चालू आहे आणि हातात चार, तीन, दोन व दोन अशा किमतीची पाने आहेत. दोन-दोनची दोन पाने एकदम टाकली तर या पाळीचे चारही मॅना खर्ची पडतात आणि मनाला बरे वाटते. परंतु पुढच्या पाळीला पाच मॅना येतील तेव्हा तुमच्यापाशी चारचे आणि तीनचे पान उरलेले असेल, दोन्ही एकत्र बसणार नाहीत, आणि त्या पानांपुरते पाहता निदान एक मॅना वाया जाईल. उलट आता चारचे टाकले तर पुढे तीन आणि दोन मिळून बरोबर पाच होतात, व दोन पाळ्यांचे नऊच्या नऊ मॅना कामी येतात. कसलेला खेळाडू आणि नवखा यांच्यातला निम्मा भेद या एका बेरजेत आहे. ती शाळेत शिकविलेली असते; वेळेवर आठवत नाही इतकेच.

उरलेल्यातला बराचसा भेद संभवाच्या गणिताचा. डावाच्या आरंभी पहिल्या भिडूस तीन पाने मिळतात आणि त्यांतील नको असलेली एकवार परत करून दुसरी मागता येतात. डेकमध्ये दोनदा घातलेले एखादे पान पहिल्या तिघांत असण्याची शक्यता शंभरात एकोणीस, आणि दहा पाने पाहून होईपर्यंत ते आलेले असण्याची शंभरात छप्पन्न. तेच पान एकटे असेल तर दहा पानांत येण्याची शक्यता तिसरा हिस्सा. मला तर वाटते की दहावीच्या वर्गात फाशांची आणि रंगीत चेंडूंची कंटाळवाणी उदाहरणे घालण्यापेक्षा हा हिशेब फळ्यावर मांडला तर पाठच्या बाकावरची मुले प्रथमच मान वर करून पाहतील. सांगावयाचे ते हे की, जे महाग पान शेवटच्या पाळ्यांतच उपयोगी पडणार त्याचा मोह आरंभी सोडावा, ते निःशंक परत करावे आणि एक-दोन मॅनाची पाने मागावीत. नवखा हे करीत नाही. त्याला चित्र आवडलेले असते.

तिसरी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून येथे नमूद करतो. डाव चालू असता दर पाळीला स्वतःस विचारावे की या घटकेला चढाई करणारा कोण आणि बचाव करणारा कोण. चढाई तुमची असेल तर समोरच्याच्या प्याद्यांशी, म्हणजे त्याने पटावर मांडलेल्या लढवय्या पानांशी, झुंजत बसू नये, थेट नायकावर वार करावेत. बचाव तुमचा असेल तर वार आवरून त्याची प्यादी टिपीत राहावे आणि डाव लांबवावा. भूमिका पाळीगणिक बदलते, आणि ती बदललेली ज्याला उशिरा कळते तो हरल्यावर पत्त्यांना दोष देतो. मेंढीकोटातही असेच असते. भिडूच्या इशाऱ्याकडे डोळेझाक करून हुकूम जाळणारा गडी शेवटी पिसणाऱ्याला बोल लावतो.

डेक कोणता घ्यावा? खेळविणारी कंपनी अलीकडे नवख्याला काही तयार डेक काही दिवस वापरून पाहण्यास देते आणि त्यांतील एक कायमचा ठेवू देते. त्यांतला जो सोपा वाटेल तो घ्यावा आणि निदान महिनाभर तो सोडू नये. रोज नवा डेक जुळविणाऱ्याला पानांची ओळख होते, खेळाची होत नाही.

आणि आता पैशाची ती दुसरी वाट. या खेळाच्या आत एक दुकान आहे. तेथे पाच पानांचे पाकीट मिळते: खेळून कमावलेल्या शंभर सुवर्णनाण्यांना, किंवा रुपयांना. कंपनीच्याच नियमाप्रमाणे एका संचातली चाळीस पाकिटे फोडीपर्यंत निदान एक लेजंडरी पान निघतेच. परंतु ते तुम्हाला हवे असलेलेच निघेल अशी हमी नाही. नको असलेले पान मोडून त्याची भुकटी करता येते आणि त्या भुकटीतून हवे ते घडविता येते, पण येथला दर पाहण्यासारखा आहे: लेजंडरी घडविण्यास १६०० भुकटी लागते आणि मोडल्यास ४०० मिळते, सामान्य पान घडविण्यास ४० आणि मोडल्यास अवघी पाच. गावच्या सावकाराने सोन्याच्या मोडीला चार आण्यांचा भाव लावला असता तर त्याच्या दारात मोर्चा गेला असता. येथे मात्र आम्ही तो निमूटपणे घेतो, कारण मोडताना एक सुंदर आवाज होतो.

यात भर म्हणजे पानांना मुदत आहे. स्पर्धांच्या मुख्य प्रकारात चालू व गतवर्षीचे संचच चालतात; त्यापूर्वीची पाने दफ्तरी दाखल होतात. शिवाय ही पाने तुमच्या मालकीची नसतात, वापरण्याची परवानगी तेवढी तुमची. चीनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये खेळाची कंपनी आणि तेथील वितरक यांचा करार संपला, आणि दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरापर्यंत तेथल्या खेळाडूंना आपले संग्रह उघडताही आले नाहीत. सावंतवाडीचा गंजिफा पेटीत ठेवला तर नातवाला दाखविता येतो. येथे नातवाला दाखवावयास पावती तेवढी राहील.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, खेळ शिकावा आणि पाकीट विकत घेऊ नये. खेळात जे नशीब आहे ते मोजता येण्याजोगे आणि दोन्ही बाजूंस सारखे आहे, पाकिटातले नशीब मात्र विकणाऱ्याने स्वतःच्या सोयीने ठरविलेले आहे. वडीलधाऱ्यांनी रागवावयाचे असेल तर तेथे रागवावे, आणि मोबाइलला जोडलेल्या बँकखात्याची किल्ली मुलाच्या हाती ठेवू नये. बेल्जियमने २०१८ साली अशा पैशाच्या पाकिटांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. चीनने २०१७ पासून पाकिटात काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलनेही आपल्या दुकानापुरता तसा नियम केला. आमच्या २०२५ च्या कायद्यात या पाकिटांचा नावानिशी उल्लेख नाही. शक्यता जाहीर होतात त्या इंग्रजीत, चार दारे उघडल्यावर सापडणाऱ्या एखाद्या पानाच्या तळाशी. त्या खरेदीच्या बटणाला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीत छापाव्यात: शंभर रुपये दिल्यास हवे ते पान निघण्याची शक्यता इतकी, आणि ते हमखास मिळण्यास खर्च इतका. कायद्याखालचे नियम करणाऱ्यांना एवढी तजवीज करण्यास नवा कायदा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल.