घोळक्यातला गिअर

मुंबई-पुणे सायकल शर्यतीची वर्तमानपत्री वर्णने वाचताना एक उणीव सतत जाणवते. त्यांत विजेता असतो, त्याची वेळ असते, बोरघाट सर्वांत आधी सर करणारा ‘घाटाचा राजा’ असतो. घोळका मात्र नसतो. वास्तविक अशा शर्यतीतला बराच काळ स्पर्धक घोळक्यातच असतो, कारण पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा रोध घटतो आणि तोच वेग कमी श्रमांत राखता येतो.

या आडोशाची किंमत गिअरच्या निवडीत मोजावी लागते. पुढच्या चक्राला ५२ आणि मागच्याला १३ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेआठ मीटर जाते. मागे २६ दाते घेतले की अंतर निम्मे. एकटा स्वार आपल्या दमानुसार निवड करतो. घोळक्यात सोयीचा वाटतो त्याहून किंचित हलका गिअर ठेवणे शहाणपणाचे. पुढचा अचानक उसळला, तर जड गिअरवर पाय वेग घेईपर्यंत फट पडते आणि वारा थेट छातीवर येतो. चढावर तर जोर लागण्यापूर्वीच बदल करायचा. ताणलेली साखळी ऐन वेळी निसटली, तर मागच्यांची दाणादाण उडते. निर्णय आपल्या पायांचा, पण तो घ्यायचा दुसऱ्याच्या पाठीकडे पाहून!

ही परस्परावलंबी बुद्धी वीरकथेत मावत नाही. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला गिअर बदलण्याची सोय म्हणजे दुबळ्यांची सवलत वाटे. त्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ साली. रोलाँ बार्थनेही ‘मायथॉलॉजीज’मध्ये (१९५७) तिला महाकाव्य म्हणूनच वाचले. टिम क्राबेची ‘दे रेनर’ (१९७८) ही डच कादंबरी मात्र स्वाराच्या डोक्यातून लिहिलेली असल्याने तिथे दाते, दम आणि शेजाऱ्याविषयीचे अंदाज एकाच हिशेबात येतात.

मराठीत हे लिहिणाऱ्याला एक आयती सोय आहे. फ्रेंचमधल्या एकाच ‘नू’साठी आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. घोळका फुटतो तो नेमका ‘आपण’चा ‘आम्ही’ आणि ‘ते’ होतो तेव्हा. आपल्या क्रीडालेखनाने हे साधन वापरलेले माझ्या तरी वाचनात नाही.

असो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घोळक्याचा अर्थ आणखी निराळा. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. त्या साध्या, गिअर नसलेल्या. सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे वाघाच्या भीतीने एकटीने निघणे धोक्याचे. गिअर बदलता येत नाही, तेव्हा वेगच बदलावा लागतो: चढावर एखादी मागे पडली की पुढचीने पायडल थांबवायचे आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत तिची वाट पाहायची. इथे ‘आम्ही’ व्हायला कुणालाच परवडत नाही. या प्रवासाचे वर्णन करणारी कादंबरी मला वाचायची आहे, आणि तिचा निवेदक ‘मी’ नसावा.