रिसीव्हर बिघडला म्हणून

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातील होम थिएटरचा रिसीव्हर आजारी पडला. आजारी म्हणतो, कारण तो एकदम मेला नाही. आधी डाव्या बाजूचा स्पीकर मुका होऊ लागला. आवाजाचे बटण क्षणभर जोरात फिरवले की आतून पडदा फाटावा तसा तो खर्रकन सुरू होई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मौन. पंधरा दिवसांनी टीव्हीचा पडदाही काळा झाला. एचडीएमआयच्या तारेतून या पेटीत जाणारे चित्र आतच कुठेतरी हरवू लागले, आणि त्याच्याबरोबर आवाजही.

संगीतशिक्षकाच्या घरी ही पेटी कशाला, असे कोणी विचारील. सिनेमा पाहण्यासाठी ती 2011 साली घेतली हे खरे. पण आमच्याकडे तिचे मुख्य काम दुसरेच आहे. रविवारी सकाळी शिष्यमंडळी जमतात आणि जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतात. उस्ताद फैयाज खाँसाहेब ज्या गावात वारले, त्या गावच्या मुलांनी त्यांचा आवाज मोबाईलच्या चिमूटभर छिद्रातून ऐकावा, हे मला पटत नाही. शिवाय कॅसेटचा जुना डेक याच पेटीला जोडलेला आहे, आणि त्या डेकवर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, 1986 साली घरीच भरलेली एक कॅसेट आहे. आबा विशीच्या आत बडोद्याच्या दरबारच्या नोकरीत शिरले. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातला. त्यांचे तरुणपणचे गाणे मी ऐकले नाही. जे उरले आहे ते त्या कॅसेटवर. आईने ऐंशी ओलांडली आहे. महिन्यातून एकदोनदा तरी ती म्हणते, "ते लाव रे जरा." त्या गाण्यातला तंबोरा डाव्या बाजूला भरला गेला आहे, त्यामुळे डावा स्पीकर मुका झाला की आबा तंबोऱ्याशिवाय गात असल्यासारखे वाटे. आई काही बोलत नसे, पण तिच्या ते ध्यानात येई.

पेटी घेऊन कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात गेलो. तपासणीचे सातशे रुपये भरले. चार दिवसांनी निरोप आला: मुख्य बोर्ड बदलावा लागेल, पण या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, तेव्हा जुना देऊन नवा घ्या; जुन्याचे दोन हजार धरू. नवा चाळीस हजारांच्या घरात. मी विचारले, डाव्या स्पीकरचे काय? ते म्हणाले, "तेही बोर्डाचेच." पेटी परत घेताना झाकणाचे स्क्रू पाहिले. त्यांच्या खाचांत आमच्या दिवाणखान्यातली चौदा वर्षांची धूळ जशीच्या तशी होती.

येथे मला तंबोऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. आबांचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरात एखाद्या नातलगाचा सत्कार व्हावा तसा आनंद झाला. या तंबोऱ्याची घोडी दोनदा बदलली, खुंट्या चार वेळा. जवारी कितीदा काढली आणि तारा किती बदलल्या याचा तर हिशेबच नाही. एकदा प्रवासात भोपळ्याला तडा गेला, तर आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवून तो सांधून आणला. तरीही तो आबांचाच तंबोरा. पण याच आबांनी एक हार्मोनियम, सूरपट्टी तडकून जागोजागी हवा गळू लागली तेव्हा, दुरुस्त करण्याचे साफ नाकारले. कारागीर म्हणत होता, करून देतो. आबा म्हणाले, "आज इथे बुजवशील, उद्या तिथे फुटेल. जाऊ दे." तेव्हा जुने ते सगळे छातीशी धरावे, असा आमच्या घरचा धर्म नव्हे. तडा भोपळ्याला की सूरपट्टीला, हे ते आधी पाहत.

रिसीव्हरची गंमत अशी की त्या एका पेटीत दोन वेगळ्या वयांची यंत्रे बसवलेली असतात. एक आहे अँप्लिफायर: जड ट्रान्सफॉर्मर, मोठाले कपॅसिटर आणि उष्णता उतरवणारी धातूची पाती. ही विद्या पोक्त झालेली आहे. वीस वर्षांपूर्वीचा चांगला अँप्लिफायर आजही कानाला कमी वाटत नाही. दुसरे आहे चित्र आणि आकड्यांतला आवाज यांची वाटणी करणारा बोर्ड, आणि त्याची विद्या मात्र दर चार वर्षांनी कात टाकते. एचडीएमआयची 1.4 ही आवृत्ती 2009 साली आली, 2.0 ही 2013 साली, 2.1 ही 2017 साली. म्हणजे माझ्या पेटीतला हा बोर्ड बिघडला नसता तरी आजच्या टीव्हीपुढे म्हाताराच ठरला असता. या दोघांना एका झाकणाखाली कोंबल्यामुळे तरण्या भागाच्या म्हातारपणाची शिक्षा पोक्त भागाला होते. दुकानदार दोघांना एकच नाव देऊन "पेटी गेली" म्हणतो, आणि आपण विश्वास ठेवतो.

अखेर रावपुऱ्यात एका गल्लीत रेडिओच्या काळापासून बसणाऱ्या एका गुजराती काकांकडे गेलो. त्यांनी प्रथम पेटी उघडलीच नाही. कॅसेटच्या वाटेने सूर सोडला, डावीकडची तार उजवीकडच्या स्पीकरला लावून पाहिली, म्हणजे दोष स्पीकरचा की पेटीचा ते ठरले. मग बटण फिरवून तो खर्रकन येणारा आवाज ऐकला आणि हसले. स्पीकरच्या वाटेवर रिले नावाची एक छोटी कळ असते. पेटी सुरू केल्यावर 'टक' असा जो आवाज येतो तो तिचा. आतल्या काही भागात बिघाड झाला तर स्पीकर जळू नयेत म्हणून ती त्यांना तोडून ठेवते. वर्षानुवर्षांनी तिच्या टोकांवर पुटे चढतात. हलका सूर त्यांतून जात नाही, जोराचा सूर मात्र पुटे भेदून जातो. दोष एवढाच. मग झाकण उघडून, मोठ्या कपॅसिटरांतील साठलेली वीज आधी उतरवून (तार काढली तरी ती आत दबा धरून असते; हौशी मंडळींनी हे विसरू नये), त्यांनी सगळे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, आनुं दिल तो साजुं छे." एचडीएमआयच्या बोर्डाबद्दल त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. तो मिळत नाही, आणि इतक्या बारीक जोडांवर गरम हवा मारून चार महिने ढकलण्याचे पैसे मी घेणार नाही, असे सरळ सांगितले. रिले बदलली, पंख्याएवढी धूळ काढली, नऊशे रुपये घेतले.

आता चित्र थेट टीव्हीत जाते आणि टीव्हीतला आवाज ऑप्टिकल तारेने रिसीव्हरमध्ये येतो. यात काही गमावले आहे, ते लपवत नाही. या तारेतून दोन वाटांचा आवाज निर्मळ जातो, पाच वाटांचा आवळून जातो; छतावरून पाऊस पडल्याचा भास देणारा नवा डॉल्बी अ‍ॅटमॉस जात नाही. रिसीव्हरच्या मांडणीचा तक्ता टीव्हीवर दिसायचा तोही गेला. समोरच्या इवल्या पट्टीवर डोळे ताणून पाहावे लागते. माझा भाचा यावर फार नाराज आहे, आणि ज्याच्या घरी सिनेमा हेच मुख्य दैवत आहे त्याने त्याचेच ऐकावे. पण नव्या पेट्यांत कॅसेट डेकसारख्या जुन्या यंत्रांच्या जागा कमी होत चालल्या आहेत, आणि टीव्हीखाली ठेवायच्या साउंडबारला बहुधा नसतातच. माझी गरज चाळीस हजार देऊन उलट कमी भागली असती.

उलट शेजाऱ्यांची गोष्ट पाहा. त्यांच्या रिसीव्हरवर विजेचा झटका आला. ट्रान्सफॉर्मर गेला, आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळाले, घरभर वास. दुरुस्तीला चौदा हजार, हमी नाही. त्यांनी मला विचारले, तेव्हा नवा घ्या असे मीच सांगितले. तिथे दिलच गेले होते. मात्र जुना भंगारवाल्याला देऊ नका, असेही सांगितले, कारण तांब्यासाठी तारा कुठेतरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती त्यांच्याकडून मागून घ्यावी.

माझा खरा राग किमतीवर नाही, तपासल्यावाचून दिलेल्या निदानावर आहे. शिष्याचा सूर लागत नाही म्हणून त्याचे गाणे न ऐकताच त्याला वर्गाबाहेर घालवणाऱ्या शिक्षकाला आपण काय म्हणू? पूर्वीच्या कित्येक रेडिओंच्या आत कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा कागद चिकटवलेला असे. उघडणाऱ्याला घरमालक मानले जाई. आज मंडलाचा नकाशा गुप्त, सुटा भाग बंद, आणि सातशे रुपये मात्र आगाऊ. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळ उघडले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी असा हेतू. हेतू उत्तम. पण ग्राहकाने केंद्राच्या खिडकीत उभे राहून "कोणता भाग गेला ते लिहून द्या" एवढे तरी म्हटले पाहिजे. मी म्हटले नाही, धूळ पाहून मुकाट्याने परतलो, याची मला लाज वाटते.

असो. आता टीव्हीला एक रिमोट आणि रिसीव्हरला दुसरा, अशी कसरत आहे. आईसाठी पत्नीने पेटीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "आबा: वरचे बटण, मग टेप." परवा संध्याकाळी मी शिकवणीहून परतलो तेव्हा जिन्यातच तंबोरा ऐकू आला. आई एकटीच बसली होती, डाव्या बाजूच्या खुर्चीत.