गोंगाटाचें व्याकरण

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला आणि न्यायाधीशाचें काम मजकडे आलें. फिर्यादी आमच्या सूनबाई; आरोपी त्यांचेच चिरंजीव, म्हणजे माझा नातू; आणि मुद्देमाल म्हणजे एक जर्मन वाद्यवृंद. नातवाच्या खोलीचें दार लावलेलें असतांहि आंतून जो आवाज येत असे, तो ऐकून पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला कीं काय, असें मला प्रथम वाटलें होतें. सूनबाईंची तक्रार मात्र आवाजाविषयीं नव्हती. त्या म्हणाल्या, “मामंजी, आवाज मी सोसला असता. पण अमेरिकेंत ज्या मुलांनीं शाळेंत गोळ्या झाडल्या, तीं हींच गाणीं ऐकत असत, असें मीं वाचलें आहे. तो तुमचें ऐकतो. तुम्हींच त्याला मनाई करा.”

मनाई करणें सोपें असतें, आणि ज्याचा जन्म मास्तरकींत गेला त्याला तर तें फारच सोपें वाटतें. परंतु ज्याला शिक्षा करावयाची त्याचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें, हा नियम मी फार उशिरां, आणि एका मुलाचें नुकसान करून, शिकलों आहें. तें पुढें सांगेन. म्हणून मीं सूनबाईंकडून आठ दिवसांची मुदत मागितली आणि त्या वाद्यवृंदाचा इतिहास, त्याची रीत व त्याचे शब्द यांचा जमेल तितका अभ्यास केला. असा खटला आज इतरहि पुष्कळ घरांत चालू असेल. यास्तव त्या अभ्यासाचें फळ वाचकांपुढें ठेवितों.

या वाद्यवृंदाचें नांव ‘केएमएफडीएम’. त्याचा जन्म २९ फेब्रुवारी १९८४ रोजीं पॅरिस शहरीं ‘ग्रां पाले’ या भव्य प्रदर्शनगृहांत झाला. तरुण युरोपीय कलावंतांचें प्रदर्शन तेथें उघडावयाचें होतें. हॅम्बुर्गचा साशा कोनीएत्स्को आणि ऊडो श्टुर्म नांवाचा जर्मन चित्रकार या दोघांनीं त्या प्रसंगीं एक विलक्षण प्रयोग केला. श्टुर्म विजेच्या यंत्रावर स्वर निर्माण करीत होता. कोनीएत्स्को गिटारीबरोबरच केर ओढून घेण्याचीं यंत्रें ‘वाजवीत’ होता. आणि चार पोलिश खाणकामगार इमारतीच्या पायावर घाव घालीत होते! यास संगीत म्हणावें कीं पाडकाम, असा प्रश्न कोणासहि पडेल. मलाहि पडला.

परंतु माझें लक्ष खरें वेधलें तें नांवानें. हीं पांच अक्षरें एका जर्मन वाक्याचीं आद्याक्षरें आहेत, आणि तें वाक्य अशुद्ध आहे. शुद्ध वाक्य ‘कायन मिटलाइड फ्यूर दी मेरहाइट’ असें झालें असतें. त्याचा अर्थ, ‘बहुसंख्यांविषयीं करुणा नाहीं’. जर्मन भाषेंत आपल्या संस्कृताप्रमाणें तीन लिंगें आहेत. ‘मिटलाइड’ म्हणजे करुणा, हें नपुंसकलिंगी. ‘मेरहाइट’ म्हणजे बहुमत अथवा बहुसंख्य समाज, हें स्त्रीलिंगी. या मंडळींनीं दोन्ही नामांची अदलाबदल केली, पण त्यांच्यामागचीं विशेषणें मात्र जागच्या जागीं ठेविलीं. ‘मोठी नदी’ आणि ‘मोठें झाड’ यांतलीं नामें बदलून एखाद्यानें ‘मोठी झाड’ आणि ‘मोठें नदी’ असें लिहावें, तसाच हा प्रकार. माझ्या वर्गांत असें कोणीं लिहिलें असतें तर मीं तांबड्या शाईनें पान भरून टाकलें असतें. पण चूक दुरुस्त न करतां, आहे त्या वाक्याचा शब्दशः अर्थ केला, तर तो निघतो ‘करुणेच्या बाजूनें बहुमत नाहीं’. हा अर्थ वाचून मी थोडा थबकलों. मंडळी स्वतः पहिलाच अर्थ सांगतात. मला दुसरा अधिक खोल वाटतो. त्याच्याकडे शेवटीं पुनः येऊं.

आतां त्यांच्या संगीताविषयीं. त्यांत तीन प्रवाह एकत्र आले आहेत. पहिला प्रवाह औद्योगिक संगीताचा. लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या मंडळीनें १९७६ सालीं ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली, तिच्यावरून हें नांव रूढ झालें. पश्चिम बर्लिनमध्यें १९८० सालीं निघालेल्या एका मंडळीनें तर आपलें नांवच ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’ अशा अर्थाचें ठेविलें, आणि पत्रे, हातोडे व छिद्रें पाडण्याचीं यंत्रें यांना वाद्यांचा दर्जा दिला. ज्या पिढीनें जन्मापासून कारखान्याचा भोंगा ऐकला, तिनें कोकिळेचें अनुकरण कां करावें, असा त्यांचा सवाल होता. दुसरा प्रवाह ‘मेटल’ संगीताचा, म्हणजे कर्कश गिटारींचा. तिसरा नृत्याच्या यंत्रसंगीताचा. त्यांत समान अंतरावर पडणारा एकच जड ठोका, मिनिटास सव्वाशेंच्या आसपास, शेवटपर्यंत चालूं राहतो. आपल्याकडे लय विलंबितांतून द्रुतांत चढते. येथें ती चढत नाहीं आणि थकतहि नाहीं. यंत्र तबलजीप्रमाणें कधीं रंगांत येत नाहीं, ही त्याची उणीव. आणि तें कधीं घाई करीत नाहीं, हा त्याचा गुण.

हे तीन प्रवाह जुळविण्याची युक्ति मोठी चातुर्याची आहे. गिटारीचा एखादा तुकडा ध्वनिमुद्रित करून यंत्रांत घालावयाचा आणि ठोक्याच्या मापानें पुनः पुनः वाजवावयाचा. १९९० च्या ‘गॉडलाइक’ या गीतांत त्यांनीं ‘स्लेयर’ नांवाच्या अमेरिकन मेटल वाद्यवृंदाच्या गिटारीचा एक तुकडा असाच योजिला. मूळचा उन्मत्त घोडा जणूं रहाटाला जुंपला गेला. पुढें १९९३ च्या ‘आंग्स्ट’ या संग्रहापर्यंत गिटारी इतक्या वाढल्या कीं यंत्र व मनुष्य यांपैकीं कोण कोणाला हांकतो आहे, तें कळेनासें होतें.

गिटारीचा तो कर्कशपणा कसा उत्पन्न होतो, हेंहि मीं समजावून घेतलें. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर आवाज दिला असतां ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि मूळ स्वरांत नसलेले अनेक उपस्वर त्यांतून उठतात. हें ऐकून मला आमच्या बैठकीच्या खोलींतील तंबोरा आठवला. त्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून आपण जवारी काढतों, ती कशासाठीं? तारेचा नितळ आवाज आपल्याला पुरत नाहीं. तो थोडा खरखरावा, झणझणावा, उपस्वरांनीं भरून यावा म्हणूनच ना? खरखरीची आवड ही कांहीं केवळ पाश्चात्त्य तरुणांची विकृति नव्हे. प्रमाण मात्र निराळें. आपण चिमूटभर घालतों, ते पोतें ओततात.

या मंडळीचा एक गुण मला मनापासून आवडला, तो म्हणजे स्वावलंबन. ‘वॅक्स ट्रॅक्स’ ही त्यांची अमेरिकेंतील प्रकाशनसंस्था शिकागोंतील एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतून वाढलेली होती. हॅम्बुर्ग, शिकागो, सिअॅटल आणि पुनः हॅम्बुर्ग असा त्यांचा प्रवास झाला. सोबती आले, गेले, भांडले. परंतु कोनीएत्स्को टिकून राहिला. पुढें त्यांनीं आपल्याच नांवाची प्रकाशनसंस्था काढली. आजवर वीसांहून अधिक संग्रह निघाले आहेत, आणि ‘नाईव्ह’, ‘मनी’, ‘आंग्स्ट’, ‘निहिल’ यांसारख्या पुष्कळ संग्रहांचें नांव रोमन लिपींत बरोबर पांच अक्षरांचें आहे. गोंगाट करणारे लोकहि स्वतःवर छंदाचें बंधन घालून घेतात, याची मला मौज वाटली.

येथवर आरोपीची बाजू झाली. आतां सूनबाईंच्या मूळ आरोपाकडे वळतों.

२० एप्रिल १९९९ रोजीं अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांत कोलंबाइन या शाळेमध्यें दोन विद्यार्थ्यांनीं गोळीबार करून बारा विद्यार्थी व एक शिक्षक यांचे प्राण घेतले आणि मग आत्महत्या केली. त्या दोघांपैकीं एकानें या वाद्यवृंदाच्या गीतांचे शब्द आपल्या संकेतस्थळावर उतरवून ठेविले होते, ही गोष्ट खरी आहे. दैवयोग असा कीं, वाद्यवृंद त्याच वर्षाच्या आरंभीं मोडला होता, आणि ‘अॅडिओस’, म्हणजे ‘निरोप’, नांवाचा त्याचा अखेरचा मानलेला संग्रह नेमका त्याच दिवशीं प्रसिद्ध झाला. (२००२ सालीं तो पुनः उभा राहिला.) वर्तमानपत्रांना यापेक्षां अधिक काय हवें? कोनीएत्स्कोनें मृतांच्या आप्तांविषयीं सहानुभूति व्यक्त करून जाहीर केलें कीं, आमचें संगीत पहिल्यापासून युद्ध, जुलूम, फॅसिझम आणि हिंसा यांच्या विरुद्ध आहे, आणि आमच्यांतील कोणीहि नात्सी मताचा पुरस्कर्ता नाहीं. १९९३ सालच्या त्यांच्या एका गाजलेल्या गीताचें शीर्षकच ‘युद्धावरील औषध’ अशा अर्थाचें आहे. पण तें कोण वाचणार!

मीं शब्द वाचले. खरें सांगतों, त्यांतले कांहीं मला आवडले नाहींत. शिव्या आहेत, दर्प आहे, वेष्टनांवरील चित्रांत मुठी आणि ज्वाळा आहेत. त्या मुलानें उतरविलेल्या गीतांपैकीं एकांत बोलणारा स्वतःला ‘भरकटलेली गोळी’ म्हणवितो. हें वाचून कोणत्याहि आईच्या पोटांत गोळा उठेल. परंतु बोलणारा कोण? आपल्या अलंकारशास्त्रकारांनीं ‘कविनिबद्धवक्ता’ अशी एक संज्ञा योजिली आहे. कवि स्वतः बोलतो तें एक, आणि कवीनें निर्माण केलेलें पात्र बोलतें तें दुसरें. ‘वेणीसंहारां’तला भीम शत्रूच्या रक्तानें माखलेल्या हातांनीं द्रौपदीची वेणी घालण्याची प्रतिज्ञा करितो, म्हणून भट्टनारायणाला कोणी खुनी म्हणत नाहीं. भरतमुनींनीं रौद्र आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तींत बसविलें, तें कांहीं रक्तपात वाढावा म्हणून नव्हे. मात्र हेंहि खरें कीं, भीमाचे शब्द ऐकणारा प्रेक्षक पडदा पडल्यावर घरीं जातो. ज्याला पडदा पडलेला कळतच नाहीं, त्याच्या हातीं कोणतेंहि काव्य धोक्याचें ठरूं शकतें. तसा मुलगा आपल्या घरांत आहे कीं काय, हें गाण्यावरून नव्हे, तर मुलाजवळ बसून कळतें.

आतां तें जुनें प्रकरण. मी नोकरींत असतांना नववींतल्या एका मुलाच्या वहींत मला एक कविता सांपडली. शाळेला आग लागली आहे आणि बोलणारा ती हंसत पाहतो आहे, असें तींत वर्णन होतें. मीं ती वही मुख्याध्यापकांपुढें ठेविली. मुलाला सर्वांसमक्ष क्षमा मागावी लागली, आणि पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. वर्गांत त्याचा कोणी छळ करीत होतें काय, तो ‘मी’ कोण होता, हें मीं एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. ज्यानें दरवर्षीं मुलांना कवि आणि वक्ता यांतील भेद शिकविला, त्याला ऐन वेळीं तो आठवला नाहीं. ती वही मला अजून दिसते.

म्हणून या वेळीं मी नातवाच्या खोलींत जाऊन बसलों आणि म्हणालों, “वाज. पण शब्द समोर ठेव, आणि प्रत्येक गीतांत बोलणारा कोण तें मला सांग.” पहिल्या दोन गीतांना तो अडखळला. त्यानें आजवर ठोका ऐकला होता, शब्द नव्हे. तिसऱ्या गीताला मात्र तो म्हणाला, “आजोबा, हा बोलणारा माणूस वाईट आहे. गाणारे त्याची नक्कल करताहेत.” मग बराच वेळ गप्प राहून, मीं न विचारतां, तो म्हणाला, “परीक्षेच्या दिवसांत डोक्यांत फार गोंधळ होतो. तो बाहेरून एवढ्या जोरानें ऐकूं आला, कीं आंत जरा शांत वाटतें.” हें त्याचें वाक्य मीं सूनबाईंना जसेंच्या तसें सांगितलें. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना गाण्याची भीति वाटत होती. मुलगा परीक्षेला इतका भ्याला आहे, हें त्यांना ठाऊक नव्हतें. मलाहि नव्हतें.

निकाल असा दिला: गाण्यास मनाई नाहीं, रात्रीं दहानंतर आवाज कानापुरता, आणि आठवड्यांतून एकदां आजोबांना एक गीत अर्थासह समजावून द्यावें. हा शेवटचा दंड आरोपीनें आनंदानें पत्करला आहे. काल सूनबाई चहा ठेवण्याच्या निमित्तानें आंत आल्या आणि अर्धें गीत उभ्यानें ऐकून गेल्या.

तें अशुद्ध वाक्य मीं माझ्या टिपणवहींत उतरून ठेविलें आहे, आणि त्याच्यावर तांबडी शाई चालविलेली नाहीं. ‘करुणेच्या बाजूनें बहुमत नाहीं.’ जगांत तें नसेल. पण घरांत मतें मोजावयाचीं चारच असतात, आणि तेथें तें मिळविणें आपल्या हातीं आहे.