विश्लेषण : पाहुणे पक्षी तलावाचा काठ का शोधतात?

हेमलकसा : थंडी सुरू झाली की तलावांवर ‘विदेशी पाहुणे’ आल्याच्या बातम्या येतात. त्यात एखादा झोळीवाला, म्हणजे पेलिकन, असला तर छायाचित्रकारांची रीघ लागते. पूर्व विदर्भात हा पक्षी क्वचितचा. पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे नेहमीचे. पण पाणपक्ष्यांना काय लागते, हे झोळीवाल्यावरून चटकन कळते.

झोळीवाल्याला काय हवे?

मोठा पांढरा झोळीवाला बुडी मारत नाही. पोहता पोहता चोचीखालच्या झोळीने मासे उपसतो. थवा अर्धवर्तुळ करून मासळी उथळ पाण्याकडे रेटतो. म्हणून त्याला मोकळे, संथ आणि उथळ काठाचे पाणी लागते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या तीन नद्या मिळतात. पण जंगलातून धावणाऱ्या पाण्यात ही सोय कमी. ती तलावांत असते.

हे तलाव कोणाचे?

गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले तलाव आजही चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव ठरले. मालकीबरोबर देखभालीची जुनी रीतही मोडली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली.

गाळ काढला की झाले?

गाळ काढायलाच हवा. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आहे. पण जेसीबीने कडेपर्यंत खरवडून उभ्या भिंतीचा खड्डा केला, तर साठा वाढतो आणि उथळ काठ जातो. बदकांचा चारा, मासळीची पिल्ले याच काठावर वाढतात. म्हणजे नुकसान पक्ष्यांइतकेच ढिवर बांधवांच्या जाळ्याचेही.

मग करायचे काय?

खोदकाम मध्यभागी, बांधाकडे करावे. तलावाचा निदान एक काठ उतरता ठेवावा. बेशरम मुळासकट काढावी. आणि हे ग्रामसभेने, मासेमारी संस्थेला सोबत घेऊन ठरवावे. वनहक्क कायद्यात मासळी आणि पाणसाठ्यांवरील सामूहिक हक्कही येतात. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच गडचिरोलीत.

तलावात पाणी किती, हे सरकार मोजते. काठ किती उरला, हेही मोजले पाहिजे.